पुसलेला पाऊण तास

गेल्या आषाढात माळ्यावर ओल आली, म्हणून तेथील सारे सामान खाली उतरवावे लागले. तांब्याचे घंगाळ, मोडका पाळणा, वडिलांच्या वह्या, आणि एका कापडी पिशवीत गुंडाळलेल्या बारा व्हिडिओ कॅसेट. पिशवीला चिठ्ठी टाचलेली होती आणि तिच्यावर आईच्या अक्षरात 'जपून' एवढाच शब्द होता. ज्या वाचकांची घरे चाळीस-पन्नास वर्षांची आहेत, त्यांच्या माळ्यावर अशी एखादी पिशवी असण्याचा संभव फार. म्हणून या महिन्यात साहित्यचर्चा बाजूस ठेवून एका यंत्राविषयी लिहितो. हे यंत्र मी स्वतः घरी जुळविले आहे. मराठीच्या मास्तराने उतारवयात तारा आणि ट्यूनर यांच्या नादी लागावे, याचे आमच्या सौभाग्यवतींना अद्याप हसू येते.

मूळ निमित्त मात्र कॅसेटचे नव्हते, आईचे होते. ती ब्याऐंशी वर्षांची आहे. इंदुरात उभा जन्म गेला, बाजारात आणि शेजारी हिंदी बोलली, पण संध्याकाळी मराठी कानावर पडले नाही तर तिचा दिवस पुरा होत नाही. आमच्या तरुणपणी हे सोपे नव्हते. दूरदर्शनवर तेव्हा रविवारी दुपारी निरनिराळ्या प्रादेशिक भाषांतील पुरस्कारप्राप्त चित्रपट दाखवीत. मराठीची पाळी आली की आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत शेजारची तीन मराठी कुटुंबे येऊन बसत. १९९४ साली दूरदर्शनची उपग्रहावरची मराठी वाहिनी निघाली, तिलाच पुढे 'सह्याद्री' हे नाव मिळाले. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आली, आणि तो दुष्काळ संपला. आता अडचण निराळीच होती. आईच्या आवडीचा कार्यक्रम नेमका तिच्या दिवाबत्तीच्या नाही तर डोळ्यांत औषध घालून स्वस्थ पडण्याच्या वेळी लागे. ती औषध चुकवू लागली. नेत्रवैद्यांनी मला बोलावून दोन शब्द सुनावले, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली.

चिरंजीव हैदराबादेस नोकरीस आहेत. दूरध्वनीवर त्यांनी सहज म्हटले, "बाबा, कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवा ना. आजी केव्हाही बघेल."

मला वाटले होते, दुकानात जाऊन एखादी पेटी विकत आणली की काम झाले. तसे नाही. बाजारातल्या रेकॉर्डिंगच्या बहुतेक पेट्या त्या त्या कंपनीच्या वर्गणीशी बांधलेल्या. वर्गणी थांबली की जपलेले मुद्रणही बहुधा उघडत नाही. मला मुद्रण माझ्या मालकीचे हवे होते. तेव्हा घरात धूळ खात पडलेला चिरंजीवांचा कॉलेजातला संगणक काढला, जेल रोडच्या बाजारातून उपग्रहाचे संकेत पकडणारे एक ट्यूनर कार्ड आणि ४ टीबीची हार्ड डिस्क आणली, आणि गच्चीवर दूरदर्शनच्या 'फ्री डिश'साठी एक छत्री बसविली. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिला मासिक वर्गणी नाही, आणि तिच्यावर सह्याद्री दिसते.

छत्री रोखण्याचा प्रकार सांगण्यासारखा आहे. ज्या उपग्रहावरून ही सेवा येते तो जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. इंदूर पावणेशहात्तर रेखांशाच्या किंचित पुढे. गणिताच्या शिक्षकांना घेऊन त्रिकोणमिती मांडली, तर उत्तर आले : दिशा आग्नेय, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ५७ अंश. आम्ही दोघांनी मोठ्या आत्मविश्वासाने छत्रीचे तोंड आभाळाकडे ५७ अंश कलविले. पडद्यावर काही नाही. दीड तास उन्हात घालविल्यावर खालून केबलवाल्याचा पोरगा वर आला आणि छत्री एवढी खाली वाकविली की ती समोरच्या इमारतीकडे पाहते आहे असे वाटावे. लगेच चित्र आले. या छत्रीचा केंद्रबिंदू मध्यावर नसून खाली सरकविलेला असतो, त्यामुळे तिचे तोंड दिसते त्यापेक्षा ती वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. आमचे गणित बरोबर होते. छत्रीचे मात्र आम्हाला ठाऊक नव्हते.

संगणकात 'टीव्हीहेडएंड' नावाची प्रणाली घातली. ती ट्यूनरकडून आलेला कार्यक्रम नेमल्या वेळी डिस्कवर उतरवून घेते. दुसरी 'जेलीफिन' : ती उतरलेले मुद्रण घरातल्या दूरचित्रवाणीवर, मोबाइलवर किंवा दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर घरच्याच वाय-फायवरून पोहोचविते. दोन्ही विनामूल्य आहेत आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो. मायक्रोसॉफ्टने २००२ साली 'मीडिया सेंटर' नावाची अशीच सोय काढली होती; अनेकांनी तिच्यावर घरची मुद्रणालये उभारली, आणि २०१५ च्या नव्या विंडोजमधून ती सोयच काढून टाकण्यात आली.

जागा किती लागते हा प्रश्न सर्वजण विचारतात. साध्या प्रतीच्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला अडीच मेगाबिट धरला, तर तासाला ९,००० मेगाबिट, म्हणजे आठाने भागून सुमारे सव्वा अकराशे मेगाबाइट. थोडक्यात, तासाला सव्वा जीबीच्या आत. रोज दोन तास उतरविले तरी ४ टीबीची डिस्क भरायला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. विजेचे गणित मात्र सौभाग्यवतींनी मांडले. जुना संगणक ६० वॅट खातो. चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला त्रेचाळीस युनिट. बिल पाहून त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्यात आणखी एक फ्रीज चालला असता." तेव्हा तो संगणक केवळ नेमल्या वेळी जागा होईल अशी व्यवस्था केली, आणि मुद्रण दाखविण्याचे रोजचे काम पाचएक वॅटच्या रास्पबेरी पायवर सोपविले. तळहाताएवढी पाटी आहे ती.

कार्यक्रम वेळेवर लागतील याचा भरवसा नसतो. भाषण लांबते, सामना लांबतो. म्हणून प्रत्येक मुद्रणास आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटे जोडून ठेवावीत. वीज जाते, त्यासाठी लहानसा यूपीएस हवाच.

हे कायद्यात बसते काय, असे एका सहकाऱ्यांनी विचारले. बसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३९ वे कलम सांगते की, प्रक्षेपणाचे मुद्रण स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी, किंवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केले तर तो प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग नव्हे. अमेरिकेत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सोनीच्या बीटामॅक्स यंत्राविरुद्ध चित्रपट कंपन्यांनी दावा लावला, आणि १९८४ च्या जानेवारीत पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला की, घरच्या प्रेक्षकाने कार्यक्रम आपल्या सोयीच्या वेळी पाहण्यासाठी उतरवून घेणे गैर नाही. एक मत इकडचे तिकडे झाले असते, तर घरोघरच्या व्हीसीआरचे काय झाले असते कोण जाणे. अर्थात उतरविलेले मुद्रण विकणे, वाटणे, मोहल्ल्याच्या गटात टाकणे ही गोष्ट निराळी. ती करू नये.

तर यंत्र चालू झाले. आई औषध घालून, स्तोत्र म्हणून, साडेआठला बसू लागली. येथेच हा लेख संपला असता. पण टीव्हीहेडएंडमध्ये मुद्रणाच्या नोंदीपाशी एक रकाना असतो : हे किती दिवस ठेवायचे? अमुक दिवस म्हटले की तितक्या दिवसांनी यंत्र ते आपणहून पुसते. जागा अपुरी पडली तर जुने पुसून नवे घ्यावे, अशीही सोय आहे. चिरंजीव दूरध्वनीवर म्हणाले, "तीस दिवस टाका बाबा, पुष्कळ झाले." आणि माझा हात थांबला. कारण जुने पुसून त्यावर नवे घेण्याचे काम मी एकदा स्वहस्ते केलेले आहे.

१९८९ च्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने एक तीन अंकी नाटक बसविले होते. वडील त्यात प्रॉम्प्टर होते. वर्षानुवर्षे तेच त्यांचे काम. रंगभूमीवर ते कधी आले नाहीत. त्या वर्षी मात्र मंडळींनी आग्रह करून आरंभीचा नारळ त्यांच्या हातून फोडविला आणि चार शब्द बोलायला लावले. एका व्हिडिओवाल्याने प्रयोग चित्रित केला, आणि त्याची कॅसेट आमच्या घरी आली. मामांनी परदेशातून आणलेला व्हीसीआर घरात होता. पुढल्या वर्षीच्या फेब्रुवारीत, एका रविवारी, लग्नास जायचे होते आणि दूरदर्शनवर नेमकी 'महाभारत' मालिका. आई हळहळली. मी एम.ए.चा विद्यार्थी, घरातला यंत्रविशारद. म्हटले, काळजी नको, उतरवून ठेवतो. कपाटातून हाताला लागलेली बिनचिठ्ठीची कॅसेट घातली, घड्याळ लावले आणि लग्नाला गेलो. संध्याकाळी सर्वांनी ती पाहिली. भाग संपला, पडदा क्षणभर थरथरला, आणि एकदम आमच्या मंडळाच्या नाटकाचा पहिला अंक मधूनच सुरू झाला. त्या वेळी वडील शेजारच्या खोलीत शिकवणी घेत होते. मी कॅसेट बंद केली आणि कोणापाशी बोललो नाही.

व्हीएचएस कॅसेटच्या कण्यावर प्लास्टिकची एक लहानशी पट्टी असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा मुद्रण होत नाही. दोन बोटांचे काम. ते कोणी केले नव्हते. आणि मुद्रण करताना फीत फिरत्या चित्रशीर्षापाशी जाण्याआधी एका पुसणाऱ्या शीर्षावरून जाते, ते फितीची सबंध रुंदी साफ करून टाकते. त्यामुळे खालचे जुने काही मागे उरत नाही. वडील २००३ मध्ये वारले. त्यांची छायाचित्रे आहेत. हलणारे, बोलणारे वडील त्या पाऊण तासाच्या आरंभी होते, तेवढेच.

आता 'महाभारत' कोठेही मिळते. तो भाग मी मोबाइलवर एका मिनिटात काढून दाखवीन. नारळ फोडणारे वडील कोठेच मिळत नाहीत.

ही चूक केवळ घरची नाही, मोठ्या संस्थांनीही ती केलेली आहे. ब्रिटनच्या बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांतील असंख्य कार्यक्रमांच्या फिती पुसून पुन्हा वापरल्या, कारण फीत महाग होती आणि जुने पुन्हा कोण पाहणार, असा समज होता. १९६३ साली सुरू झालेल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे कित्येक भाग असे गेले. परंतु गेलेल्या त्या सगळ्या भागांचा आवाज आज शिल्लक आहे. कारण काही शौकीन प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर तो उतरवून ठेवला होता. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरी अनेक व्हीसीआर लावून रात्रंदिवस बातम्या उतरविल्या. सुमारे ७०,००० कॅसेट. एके काळी त्या ग्रंथपाल होत्या. घरच्यांना त्याचा किती जाच झाला असेल याची कल्पना मी करू शकतो. पण ज्या बातम्या पुष्कळदा वाहिन्यांनीच जपल्या नाहीत त्या या बाईंच्या कपाटांत राहिल्या, आणि त्यांच्यामागे तो सारा संग्रह इंटरनेट अर्काइव्हकडे गेला.

त्या 'किती दिवस' च्या रकान्यात मी 'कायम' लिहिले, आणि माळ्यावरची पिशवी उघडली.

ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. कॅसेटची झडप उघडून फीत उजेडात पाहावी. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. यंत्राची शीर्षे खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. आमच्या बारांपैकी तीन अशा निघाल्या, त्या जाणकाराकडून साफ करवून घ्यायच्या आहेत. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्याव्यात, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले थर सुटतात. नवा व्हीसीआर आता मिळणे नाही. तो बनविणारी जपानमधील शेवटची कंपनी फुनाई, तिनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. मी जुन्या सामानाच्या बाजारातून एक घेतला. पहिल्याच दिवशी त्याचा रबरी पट्टा तुटला, तो बदलून घेतला. व्हीसीआरमधून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन तारा एका लहानशा यूएसबी डबीत जातात, डबी संगणकात. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, येथे घाई चालत नाही. सेकंदाला आठ मेगाबिट या प्रतीने उतरविले तर तासाला साडेतीन जीबीच्या किंचित वर जागा लागते; यात काटकसर करू नये. आणि उतरून झाले की मूळ कॅसेट फेकू नये. उभी, कोरड्या जागी ठेवावी.

डिस्क हीदेखील मरते. माझी पहिली डिस्क तिसऱ्या महिन्यात गेली; आईचे दोन महिन्यांचे कार्यक्रम गेले, त्याचे दुःख नाही, पण लग्नाच्या दोन कॅसेट पुन्हा उतरवाव्या लागल्या. आता एक प्रत यंत्रात, एक कपाटातल्या डिस्कवर आणि एक हैदराबादेस आहे.

नाटकाची कॅसेट मी सर्वांत शेवटी घेतली. एका रविवारी दुपारी, आई झोपली आहे असे पाहून. 'महाभारत' चा भाग गेला, थरथर आली, पहिला अंक मध्यातून सुरू झाला. चित्र वाईट होते. वरच्या बाजूला सारखी वाकडी रेघ. व्हीएचएसवर साधा आवाज फितीच्या कडेच्या एका अरुंद पट्ट्यात वेगळा उतरतो, त्यामुळे चित्र फाटले तरी तो पुष्कळदा शाबूत राहतो. खरखर होती, पण शब्द कळत होते. मी पडद्याकडे पाहत होतो. पाठीमागून आई म्हणाली, "थांब. मागे घे जरा."

मी मागे घेतले.

"आणखी मोठा कर."

रंगभूमीवर नायक अडखळला होता. तो पुढचे वाक्य म्हणण्याआधी विंगेतून कोणीतरी ते हलक्या, स्वच्छ आवाजात म्हटले होते. मी ते ऐकलेच नव्हते. नाटक पाहणाऱ्याने ते ऐकू नये अशीच प्रॉम्प्टरची कला. आईने ऐकले. मग आम्ही दोघांनी चित्र बंद करून नुसता आवाज लावला. उरलेल्या दोन तासांत वडिलांचा आवाज एकोणीस ठिकाणी सापडला. एके ठिकाणी नायिकेने दोन वाक्ये गाळली, तेथे ते किंचित चिडलेले आहेत.

मी तेव्हा आईला लग्नाच्या दिवसाची गोष्ट सांगितली. पस्तीस वर्षांनी.

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "मीच नाही का म्हटलं होतं, कुठलीही घाल म्हणून? ह्यांनाही ठाऊक होतं. ते म्हणाले, त्याला बोलू नकोस, त्याची परीक्षा आहे."

यावर मला काही बोलता आले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली की, त्या व्हिडिओवाल्याने तेव्हा तीन प्रती काढल्या होत्या. एक आमची, एक मंडळाच्या त्या वेळच्या चिटणिसांकडे गेली, आणि तिसरी नायकाचे काम करणाऱ्यांनी घेतली. चिटणिसांचे घर विकले गेले, मुले बाहेरगावी आहेत. नायकाचे कुटुंब पुढे वडोदऱ्यास गेले असे कळते. हे मासिक दोन्ही ठिकाणी जाते. कोणा वाचकाच्या माळ्यावर १९८९ च्या गणेशोत्सवातील इंदूरच्या नाटकाची कॅसेट असेल, तर कृपा करून ती यंत्रात घालण्याआधी कण्यावरची पट्टी मोडून टाकावी, आणि मासिकाच्या पत्त्यावर मला दोन ओळी लिहाव्यात. कॅसेट घ्यायला मी स्वतः येईन. मला तिच्यातली पहिली दहा मिनिटे पुरेत.